हातभर अंतरावरून

गाड्यांच्या कारखान्यात, रंगखात्याच्या शेवटच्या टोकाला उभं राहून मी पंचवीस वर्षं दोष शोधले आणि त्याचा पगार घेतला. आमच्या हिचं म्हणणं, तेच काम मी घरी फुकट केलं.

पत्र्यावर चढणारे रंगाचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम १०० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. तेवढ्यात दाणा, ओघळ, फिशआय, ऑरेंज पील असं सगळं गणगोत नांदतं. रंग सपाट पसरला नाही की संत्र्याची साल दिसते, ते ऑरेंज पील. ते ओळखायचं तर रंगाकडे बघायचंच नाही. त्यात पडलेल्या ट्यूबलाइटकडे बघायचं. प्रतिबिंबाची कड थरथरली की समजायचं. फिशआय म्हणजे बारीक खळगा. पत्र्यावर सिलिकॉनचा कण बसला की रंग तिथून अंग चोरतो. म्हणून खात्यात डिओडरंट आणि केसांच्या सीरमला बंदी. लग्नाळू पोरं फार कुरकुरायची.

सगळ्या गाडीला एकच न्याय नसतो. बॉनेट, दरवाजे हा ‘ए झोन’. तिथे दाणा दिसला की गाडी बाजूला. दाराखालची पट्टी ‘सी झोन’. तिथे एखादा दाणा माफ. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या दिवाणखान्यातले चार्जर, रद्दी आणि घडी न घातलेले कपडे आतल्या खोलीत पळतात, तेही याच नियमाने.

दुसरा नियम अंतराचा. हातभर लांब उभं राहायचं, उजेड ठरलेला, सेकंदही मोजलेले. तेवढ्यात दिसेल तो दोष. नवी पोरं उत्साहाने पत्र्याला नाक टेकवायची. त्यांना सांगायचो, “बाबांनो, नाक टेकवलं तर एकही गाडी गेटबाहेर जायची नाही.” घरी आल्यावर मात्र मी भाजीत, पडद्यात, जावयात नाक टेकवूनच बघत असे.

परवा हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर हिने मला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

“अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?”

“ऑरेंज पील आहे,” मी गाल चाचपत म्हणालो. “आता रीवर्क होत नाही.”

“असू दे,” ती म्हणाली. “सी झोनमध्ये धरते.”