काकांकडे नोंद आहे

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी नोंदवाले काका असतातच, त्यामुळे त्यांची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. ते कोथरूडला असतात, सहकारनगरला असतात आणि बाणेरच्या टोलेजंग टॉवरमध्येही असतात. लिफ्टचा वेग बदलतो, काका बदलत नाहीत. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधले दोघं सकाळी साडेआठला हिंजवडीची वाट धरतात आणि मागे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी एक लॅब्रॅडॉर उरतो. त्याचं नाव कोको. कोकोने तोंड उघडलं की इकडे काका वही उघडतात. वही म्हणजे सहकारी बँकेने दिलेली गेल्या वर्षीची डायरी. तीत स्टीलच्या पट्टीने आखलेले रकाने आहेत: वार, वेळ, प्रकार, कालावधी, शेरा. भुंकण्यासाठी 'भुं.', केकाटण्यासाठी 'के.' आणि हेल काढून रडण्यासाठी 'हे.'. भुंकणं निळ्या शाईत, बाकी सगळं लाल शाईत. कुणी विचारलंच की काका, हे कशासाठी, तर उत्तर ठरलेलं: "मी कुणाच्या मध्ये पडत नाही. आपल्याकडे फक्त नोंद आहे."

ही नोंद जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे. ती वॉचमनला ऐकवली जाते. सेक्रेटरींना पार्किंगमध्ये गाठून ऐकवली जाते. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना तर ती तोंडपाठ असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' आले की काका उठतात, चष्मा पुसतात आणि मार्चपासूनची आकडेवारी वाचायला घेतात. पाण्याच्या टाकीचा विषय त्यामुळे पुढच्या वर्षावर जातो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'काही सभासद मुक्या जिवांना कोंडून ठेवतात, सुज्ञांस सांगणे न लगे' असा मजकूर पडतो आणि सगळे सुज्ञ त्यावर अंगठा उमटवतात. एकाच ठिकाणी ही नोंद कधी पोहोचत नाही, ते म्हणजे समोरचं दार. लिफ्टमध्ये कोकोचे मालक भेटले की काका पावसाबद्दल बोलतात. दोन दारांमध्ये जेमतेम आठ-दहा पावलांचं अंतर असेल, पण तेवढं सोडून काकांची तक्रार सगळं पुणं फिरून येते. काकांवर सर्रास होणारा आरोप असा की ते नसत्या उठाठेवी करतात. तो आरोप चुकीचा आहे. काकांची उठाठेव जास्त होत नाही, ती अर्ध्यावर थांबते. मुक्या प्राण्याचे हाल होतायत की काय, अशी शंका आलेल्या माणसाने लक्ष ठेवावं हे योग्यच आहे. पण ज्याच्या घरात तो प्राणी आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगावं, हे लक्ष ठेवणं नव्हे, ही करमणूक झाली.

आधी पुरावा म्हणून या वहीची किंमत तपासू. नुसत्या भुंकण्यावरून छळ सिद्ध होत नाही. सव्वाअकराला कुरियरवाला आला म्हणून भुंकणारा कुत्रा आपलं काम करत असतो. मालक बाहेर पडल्यावर घरात कॅमेरे लावून कुत्र्यांचे अभ्यास झाले आहेत. त्यांतून दिसतं ते असं की ज्या कुत्र्याला एकटेपणा सोसवत नाही तो बहुधा पहिल्या काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात रडायला लागतो, दार ओरबाडतो, येरझाऱ्या घालतो. बाकीचे सरळ ताणून देतात. म्हणजे काकांच्या वहीतली आठ चाळीसची 'हे.' ही नोंद मोलाची आहे आणि सव्वाअकराची 'भुं.' कवडीमोलाची. काका मात्र महिनाअखेरीस दोन्हींची बेरीज करतात. दुसरं असं की या वहीत दुपारी एक ते चार हा काळ रोज कोरा आहे. वही वाचणाऱ्याला वाटावं की कोको तेवढ्या वेळात गुण्यागोविंदाने राहतो. प्रत्यक्षात त्या वेळी काका झोपलेले असतात. आणि नेमक्या त्याच तीन तासांत, एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा, पश्चिमेकडच्या ड्राय बाल्कनीतली फरशी पाय ठेवू देत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि मुख्यतः त्यातूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. सावली नसेल, पाण्याचं भांडं कलंडलेलं असेल, तर तो भुंकणारही नाही, गप्प पडून राहील. तेव्हा बघायला हवं ते भांडं, सावली, साखळीची लांबी, बरगड्या, न उचललेली घाण. काकांच्या वहीत यातल्या एकाही गोष्टीला रकाना नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढं सगळं शेजाऱ्याने का बघायचं? कायदा आहे की. आहे ना. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या ११ व्या कलमात पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सदोदित बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरू न देणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणजे ड्राय बाल्कनी हा प्रकार निघण्याच्या कितीतरी आधी संसदेने कोकोचा विचार करून ठेवला होता. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्याच्या निकालात प्राण्यांना भूक-तहान, भीती, वेदना यांपासून मुक्त राहण्याचा आणि आपल्या स्वभावानुसार वागण्याचा हक्क आहे असं सांगितलं. पण हा सगळा थाट शिक्षेच्या आकड्यापाशी येऊन कोसळतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. फर्ग्युसन रस्त्यावर तेवढ्यात एक कॉफी येत नाही. शिवाय कुत्र्याला असं कोंडून ठेवणं हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस ठाण्यात तुमची तक्रार एनसीच्या नोंदवहीत उतरवून घेतात आणि पुढचा रस्ता दंडाधिकाऱ्यांकडे दाखवतात. थोडक्यात, काका वही घेऊन चौकीत गेले तर तिथेही एक वहीच त्यांची वाट बघत असते. इकडची नोंद तिकडे जाते. कोको आहे तिथेच राहतो.

कोकोच्या मालकांची बाजूही ऐकायला हवी, कारण ते दोघं कुणी राक्षस नाहीत. घराचे हप्ते आहेत, विद्यापीठ चौकातली कोंडी आहे. कोको टाळेबंदीच्या काळात आला. तेव्हा दोघंही दिवसभर घरून काम करत होते आणि तो त्यांच्या पायाशी झोपायचा. मग कंपन्यांनी माणसं परत बोलावली, आणि कोकोला ते कुणी समजावून सांगितलं नाही. घराबाहेर पडावंच लागणाऱ्या माणसाने कुत्रा पाळूच नये, असं म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. मग पुण्यात कुत्रे फक्त पेन्शनरांनीच पाळायचे. एकटं ठेवणं म्हणजे छळ नव्हे. किती वेळ, कुठे आणि कशा अवस्थेत ठेवलं, यावर ते ठरतं. स्वीडनमध्ये घरातल्या कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं असा नियमच आहे. हिंजवडीहून संध्याकाळच्या गर्दीत परतणाऱ्या माणसाला हे गणित एकट्याने सुटणार नाही. दुपारी फिरवून आणणारा मुलगा ठेवता येतो, ड्राय बाल्कनीऐवजी हॉलमध्ये पंख्याखाली ठेवता येतं, एखाद्या दिवशी पाळणाघरात सोडता येतं. पण त्यासाठी आपण गेल्यावर घरात काय होतं, हे मालकाला कळायला हवं. सकाळी निघताना शेपूट हलवणारा कोको त्यांना दिसतो, संध्याकाळी परतल्यावर अंगावर झेप घेणारा कोको दिसतो. मधला कोको त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. तो फक्त काकांना माहीत असतो, आणि काका मध्ये पडत नाहीत.

बेल वाजवली तर भांडण होईल, हा काकांचा सगळ्यात भक्कम बचाव. होऊ शकतं. पण भांडण बेल वाजवल्याने होत नाही, ती कुठल्या तोंडाने वाजवली यावर होतं. काल-परवापर्यंत 'लिफ्टमध्ये कुत्री नकोत' असं सांगणारा माणूस आज 'बिचारं मुकं जनावर' म्हणून दारात उभा राहिला, तर मालकाला शंका येणारच की याला कळवळा कुत्र्याचा आहे की स्वतःच्या वामकुक्षीचा. आणि अशी शंका बऱ्याचदा बरोबर असते. भूतदयेचं उपरणं पांघरून फिरणारा श्वानद्वेष या शहरात मुबलक आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की सोसायटीला ठराव करून कुत्रे पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. तेव्हा काही जणांनी दयेची वाट धरली असेल तर नवल नाही. याच्या अगदी उलट टोकाला नव्या पिढीतले नोंदवाले आहेत. ते वही ठेवत नाहीत, थेट मोबाइलवर चित्रण करतात आणि संध्याकाळपर्यंत फ्लॅट नंबरसकट ते जगभर पाठवतात. त्यात कोकोचं भलं होतच नाही. मालकांचा अपमान होतो, ते घाईघाईने कोकोला गावाकडे 'कुणाच्या तरी शेतावर' पाठवून देतात, आणि चित्रण करणाऱ्याला प्राणी वाचवल्याचं समाधान मिळतं.

तरीही नोंदवाल्या काकांना हसून मोडीत काढता येत नाही, आणि हे जरा नाइलाजानेच कबूल करावं लागतं. मे २०२२ मध्ये कोंढव्यातल्या एका फ्लॅटमध्ये अकरा वर्षांचा मुलगा वीसेक कुत्र्यांबरोबर राहत असल्याचं उघडकीला आलं. चाइल्डलाइनकडे माहिती पोहोचली म्हणून पोलीस गेले आणि आईवडिलांवर गुन्हा दाखल झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये सुमारे तीनशे मांजरं निघाली. शेजाऱ्यांनी वास आणि आवाजाच्या तक्रारी लावून धरल्या, तेव्हा महापालिकेने येऊन ती हलवण्याची नोटीस दिली. बंद दाराआड काय चाललंय हे शहराला कळतं ते असंच, कुणाच्या तरी खुपसलेल्या नाकामुळे नाहीतर टवकारलेल्या कानांमुळे. आणि ही तर आकड्यांमुळे बातमी झालेली घरं. बाल्कनीतल्या एकट्या कुत्र्याचा वासही जिन्यापर्यंत पोहोचत नाही. वाड्यात कुत्र्याचे लाड होत नसत, उलट पेकाटात लाथ बसण्याचीच शक्यता जास्त; पण चौकात पडलेला कुत्रा दोन दिवस उठला नाही तर ते कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येई. फ्लॅटमध्ये लक्षात येण्याचं हे काम पगार नसलेल्या एकाच माणसाकडे उरलं आहे. रडणाऱ्या कुत्र्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर ते पहिल्याच भेटीत मालकाला विचारतात की तुम्ही गेल्यावर किती वेळाने रडायला लागतो, कसा रडतो, किती वेळ रडतो. याचं तारीखवार उत्तर अख्ख्या इमारतीत एकाच घरात असतं.

आणि ही वही नीट चाळली तर आणखी एक गोष्ट दिसते. मार्चमधले शेरे 'सदर श्वानाचा उपद्रव' असे असतात. जूनमध्ये 'समोरचा कुत्रा' येतो. गणपतीच्या सुमारास 'कोको आज उशिरा शांत झाला' असं लिहिलेलं आढळतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत एका दिवसापुढे, सगळे रकाने मोकळे सोडून, 'सकाळपासून आवाज नाही' एवढंच. तेही लाल शाईत. सात-आठ महिने आवाजाची तक्रार करणाऱ्या माणसाला आवाज नसल्याची काळजी लागली, आणि अशी काळजी लागलेला त्या मजल्यावर तो एकटाच होता. काकांचा इतका जीव त्या कुत्र्यात आहे, हे काकांना कुणी तोंडावर सांगितलं तर ते ती वही लपवून ठेवतील.

तेव्हा समस्त नोंदवाल्यांना एकच विनंती. वही चालू ठेवा, दुपारी एक ते चारमध्ये एकदा उठून समोर बघा, आणि पाणी, सावली, साखळी यांचे तीन रकाने वाढवा. कुत्रा आजारी, जखमी किंवा दोन दिवस उपाशी दिसला तर थांबू नका. पोलिसांना आणि प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीला तडक फोन करा, मग दंड पन्नास रुपये असो की पाच. पण एरवी संध्याकाळी ते दोघं घरी आले, चहा घेऊन झाला, की त्यांच्या दाराची बेल वाजवा. तक्रार आणली आहे असं म्हणू नका. "तुम्ही गेल्यावर हा अर्धा तास रडतो, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगायला आलो," एवढंच सांगा. आणि निघताना म्हणा, "एक किल्ली आमच्याकडे ठेवत जा. दुपारी पाणी बघून येईन."