कमी जोराची द्या

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं आणि कोल्हापुरात घरोघरी बंदुकीचा विषय निघाला. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे आमच्या हिशेबानं जवळजवळ भावकीतलाच. त्याचं पदक पॉइंट टू-टू रायफलचं, पन्नास मीटरवरचं. एअर रायफल निराळी, ती दहा मीटरवरची. हे मी घरात समजावून सांगितलं. “म्हंजे आपली जवळनं मारायची,” आबांनी निकाल दिला.

हट्ट आठवीतल्या पुतणीचा होता. घरात गॅरंटी कार्डं वाचणारा मी एकटाच, म्हणून खरेदी माझ्या गळ्यात पडली. भाऊ म्हणाला, स्वस्त बघ. वहिनी म्हणाल्या, आवाज नको, खालच्या मजल्यावरच्या काकूंना बीपी आहे. पोरीला आपली आपण भरता यायला हवी होती. आबांना मात्र पाइपवाल्या कंपनीचीच बंदूक हवी होती. इंडियन ह्यूम पाइपनं सिमेंटच्या पाइपांबरोबर एअरगनही काढल्या होत्या, हे खरं आहे. “नळीतलं त्येंच्यापरास कुणाला जास्त कळणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानदारानं आधी काढली ती दुर्बीण लावलेली, काळीकुट्ट, बघूनच माणूस सरळ उभा राहावा अशी. “हजार-बाराशे फुटाचा स्पीड हाय साहेब. पत्रा फाडती.”

“आम्हाला कागद फाडायचाय. जरा कमी जोराची द्या.”

दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. कोल्हापुरात कमी जोराची बंदूक मागणं म्हणजे मिसळ मागवून वर ‘कट नको’ म्हणणं. पण माझा अभ्यास झाला होता. ऑलिंपिकची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलवर चालते. आपल्याकडे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. सुवर्णपदक निम्म्याहून कमी जोरावर मिळतं आणि गिऱ्हाइकाला मात्र काठोकाठ भरलेली पाहिजे! दहा मीटरवर ज्या ठिपक्याला पूर्ण दहा गुण, तो असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तिथं ताकद काय कामाची?

आवाजाचंही तेच. छर्रा सेकंदाला साधारण अकराशे फुटांच्या पुढे गेला की ध्वनीचा वेग ओलांडतो आणि हवेतच फाडकन वाजतो. शिवाय जोर वाढवायचा तर स्प्रिंग दणकट हवी. दणकट स्प्रिंग म्हणजे सुटताना मोठा दणका आणि नळी मोडून ती दाबताना आठवीतल्या पोरीच्या दंडाचा पिट्टा. उलट हलकी स्प्रिंग स्वस्त, गुमान आणि पोरीला दाबता येणारी. तिघांच्याही अटी एकाच दुबळ्या बंदुकीत बसल्या. आमच्या घरात इतकं एकमत दिवाळीच्या फराळावरही होत नाही.

दुसरी जात पीसीपीची: टाकीत दोनशे बारपर्यंत हवा भरलेली, धक्का जवळपास नाहीच. स्पर्धेत तीच असते. पण परदेशी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे, आणि हवा हातपंपानं भरायची तर घरात तालमीतला एक गडी कायमचा ठेवावा लागेल. आम्ही नळी मोडायची साधीच घेतली. दुकानदारानं आधारची झेरॉक्स घेतली आणि सहानुभूती म्हणून चपट्या तोंडाच्या छर्ऱ्यांचा एक डबा कमी भावात दिला. चपटा छर्रा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो, गुण मोजताना भांडण होत नाही.

घरी आल्यावर सगळ्यांना एकदा रिकामा घोडा ओढून बघायचा होता. ते मात्र मी होऊ दिलं नाही. पुढे छर्रा नसला की पिस्टन मोकाट सुटून आदळतो आणि आतलं सील जातं.

मग गच्चीवर कळलं की बंदूक शांतच असते, बोंब ठोकतं ते निशाण. आबांनी हौसेनं तेलाचा डबा टांगला होता. पहिल्याच छर्ऱ्याला असा ठणाणा झाला की खालच्या काकू बीपीसकट वर आल्या. शिवाय पत्र्यावरनं छर्रा उलटा येतो, तो डोळ्याशी ओळख करून घ्यायला. आता खोक्यात रद्दी ठासून भरलीय, मागे जाड फळी आणि त्यामागे भिंत. पोरीच्या डोळ्यांना चष्मा, गच्चीच्या दाराला कडी, आणि छर्रे शिशाचे म्हणून नंतर साबणानं हात. ‘फट्’ एवढंच ऐकू येतं. काकू हल्ली गुण विचारायला येतात.

आबांना हे सगळं मिळमिळीत वाटतं. एकदा त्यांनी टाकीवरच्या पारव्याकडे बोट दाखवलं. मी कायदा सांगितला, मग सलीम अलींची गोष्ट सांगितली: लहानपणी त्यांनी अशाच बंदुकीनं पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती कुठली म्हणून विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि त्यातनं एवढे मोठे पक्षीशास्त्रज्ञ झाले. आबांनी मन लावून ऐकलं.

“बघ,” ते म्हणाले, “पडली का न्हाई?”

रोज संध्याकाळी पोरगी खाली आली की ते विचारतात, “काय मारलंस आज?”

“कागद, आबा.”

“आणि रात्री खायाचं काय?”