शनिवारची पाळी कुणाची?

शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे जगाला माहीत आहे. २०११ साली युको बँकेने इथे ‘कुलूप नसलेली’ शाखा उघडली, तेव्हा काचेचं दार बसवलं आणि सहजी नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं चुंबकी कुलूपही. श्रद्धा श्रद्धेच्या जागी, रोकड रोकडीच्या जागी. पालकांनी मिळून चालवायची सहकारी बालवाडी निवडताना हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवा. आत काय चाललंय ते बाहेरून दिसावं, पण कडीला पोराचा हात पुरू नये. शनिदेव चोराला अडवत असतील. भाविकांच्या गाड्यांकडे धावत सुटलेल्या तीन वर्षांच्या पोराला अडवायला माणूसच लागतो.

अशी बालवाडी १९१६ साली शिकागोत विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी काढली. (प्राध्यापक कुठे होते, विचारू नये.) आपल्याला मात्र सहकार शिकवायला शिकागो नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तो शिंगणापूरच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी.

भीती तीच आहे. आपल्याला सहकार इतका येतो की बालवाडीतही पॅनल पडेल. चेअरमन बिनविरोध, व्हाइस चेअरमन त्यांचे मेहुणे. पहिल्या वर्षी कमान, दुसऱ्या वर्षी घसरगुंडीचं लोकार्पण, आणि बाईंचा पगार ‘ऐनवेळच्या विषयांत’. अहवाल उघडायच्या आत मागून ‘मंजूर, मंजूर!’ ११३ वर्षांच्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा असतो. पोराच्या तीन ते सहा या वर्षांना तोही नाही.

म्हणून माध्यम, गणवेश, स्नेहसंमेलन हे सगळं नंतर. आधी पाळीचा तक्ता मागा. शनिवारी पाळी कुणाची? त्या दिवशी निम्मं गाव तेल, रुईच्या माळा आणि प्रसाद विकण्यात गुंतलेलं, शनी अमावास्येला तर विचारूच नका. मजुरीला जाणाऱ्या आईला खाडा परवडत नाही, तिची पाळी कोण उचलतं? पैसे भरून पाळी टळते का? टळत असेल तर ती खासगी शाळाच, फक्त पावतीवर ‘सभासद’ छापलेलं. पाळी चुकवल्याचा दंड चेअरमनना कधी झालाय का, हेही हळूच विचारा. तक्त्यात बापांची नावं दिसली, तर फोटो काढून ठेवा. शनीच्या चौथऱ्यावर चढायला बायकांना २०१६ साली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. बापांना बालवाडीत शिरायला कुठलं न्यायालय लागेल, कोण जाणे.

आणि बाई शिकलेली हवी. आळीपाळीने येणाऱ्या पालकांनी खिचडी वाढावी, नाकं पुसावीत. शिकवणं हे ज्याचं काम त्याने करावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला त्यासाठी उभी हयात घातली. ते सरपंचांच्या सुनेला ‘तशी हौस आहे’ म्हणून जमत नसतं.

नवी संस्था नोंदवण्याआधी गावच्या अंगणवाडीत एकदा डोकावून या. आहार, लसीकरण, वजनकाटा तिथे आहे. सेविका आणि मदतनीस दोघीच सगळा गाडा ओढतात. आठवड्यातून तासभर त्यांच्या मदतीला कुणी पालक येतो का, बघा. चेअरमनपद नाही, तेव्हा गर्दी कमी असेल.