भिंतीवरचा बिनभाड्याचा भाडेकरू

जुलै लागला की मोहन्यातल्या घरांत कॅलेंडर जागा बदलते. तारीख नीट दिसावी म्हणून नव्हे, भिंतीवरचा काळपट डाग झाकला जावा म्हणून. डाग पसरला की कपाट सरकते. कपाटामागे हवा खेळत नाही, त्यामुळे बुरशीला हक्काची खोली मिळते.

उल्हास नदीकाठच्या या गावाला ओलीचे नवल नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात नदीने कल्याण परिसरात घराघरांत शिरून दाखवले. २००९ मध्ये इथला एनआरसी हा रेयॉनचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली: ओलसर घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास वाढतात, म्हणून आधी ओल थांबवा. इथे मात्र बंद कारखान्याच्या कामगारांची देणीच तेव्हा रखडलेली. भिंतींचे दुखणे कोण मनावर घेणार?

लोकांची तत्त्वे वेगळी. ब्लीचने पुसा, पुट्टी मारा, दिवाळीला वर रंग द्या. ब्लीचने डाग पांढरा होतो. गिलाव्यातले पाणी तिथेच राहते. पुढच्या आषाढात नव्या रंगाचे पोपडे सुटतात आणि दोष रंगाऱ्याच्या माथी बसतो.

सोसायटीत वरचा म्हणतो, गळती गच्चीची. सचिव म्हणतात, तुमच्या न्हाणीघराची. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. सभा पावसाळा संपल्यावर, भिंती सुकल्या की.