नियम 19 साहेबांना एका फौजीचा अर्ज

प्रति,
माननीय नियम क्रमांक 19,
केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1972

विषय : पलटणीतली वर्षे हिशेबात धरण्याबाबत.

महोदय,

अर्जदार सातारा जिल्ह्याचा. पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेले अपशिंगे (मिलिटरी) याच जिल्ह्यात आहे. या भागात माणसाची वर्षे पलटणीत मोजायची सवय जुनी आहे. अर्जदारानेही तशीच मोजली : शिपाई म्हणून सतरा वर्षे, मग पेन्शन, मग केंद्राच्या एका कार्यालयात कारकुनी. सेवापुस्तक उघडले तेव्हा कळले, की साहेबांची मोजपट्टी वेगळी आहे.

पहिली कात्री वयाची. अर्जदार साडेसतराव्या वर्षी भरती झाला. परंतु अठरा पूर्ण होण्याआधीची लष्करी सेवा साहेब धरत नाहीत. ते सहा महिने रायफल कोणी उचलली होती, हा प्रश्न अर्जदार विचारणार नाही. कार्यालयात असे प्रश्न विचारायचे नसतात, एवढे तो शिकला आहे.

उरलेल्या वर्षांसाठी साहेबांनी दोन दारे ठेवली आहेत. एक, लष्कराची पेन्शन घेत राहा आणि ती वर्षे विसरा. दुसरे, पेन्शन थांबवा, नव्या नोकरीत लागल्यापासून घेतलेली पेन्शन परत करा, ग्रॅच्युइटी परत करा, पेन्शन विकून जी रक्कम उचलली तीही परत करा. मग वर्षे तुमची. त्यात मोठेपणा असा, की नोकरीत लागण्याआधी खाल्लेली पेन्शन साहेब मागत नाहीत, आणि बाकीचे पैसे फेडायला छत्तीसपर्यंत मासिक हप्ते देतात. फक्त शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत एकही वर्ष हिशेबात येत नाही. ग्रॅच्युइटी तर केव्हाच घराच्या पत्र्यात आणि बहिणीच्या लग्नात गेली होती. ती कुठून काढायची, यासाठी साहेबांकडे उपनियम नाही.

नोकरीत कायम झाल्याचा आदेश निघाल्यापासून तीन महिन्यांत पर्याय कळवायचा. कळवला नाही, तर माणसाने पहिले दार निवडले असे साहेब समजून घेतात. अर्जदार गप्प राहिला. साहेबांनी त्याच्या मौनाचा इतका नेमका अर्थ लावला, की घरच्यांनाही तो कधी जमला नव्हता.

(अमेरिकेच्या केंद्रीय नोकरीत आजच्या योजनेखाली लष्करातल्या मूळ पगाराच्या साधारण 3 टक्के भरले की ती वर्षे जमा होतात. लष्कराची निवृत्ती-पेन्शन घेणाऱ्याला तिथेही सहसा ती सोडावी लागते, हे न लपवता सांगायला हवे. पण पेन्शनविना लष्कर सोडलेल्याला तिथला भाव परवडतो.)

खरी गंमत पुढेच आहे. पूर्ण पेन्शनसाठी पूर्वी 33 वर्षे लागत. 1 जानेवारी 2006 पासून ती अट गेली आणि दहा वर्षे भरली की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळू लागली. म्हणजे हप्ते फेडून वर्षे विकत घेणाऱ्याच्या पेन्शनमध्ये बहुतेक वेळा त्या वर्षांनी काहीच भर पडत नाही. फार तर ग्रॅच्युइटी थोडी फुगते. त्याआधीच, 1 जानेवारी 2004 पासून, नव्याने लागणाऱ्यांना जुनी पेन्शनच उरली नव्हती. आता 1972 ची नियमावली जाऊन 2021 ची आली आहे. साहेबांनी बिऱ्हाड हलवले, पण फडताळात ठेवायला फारसे काही उरलेले नाही.

शेजारच्या खात्यात मात्र मोजणी सुटसुटीत आहे. माजी खासदाराला दरमहा 31,000 रुपये मिळतात. सभागृहात किती दिवस काढले याची किमान अट नाही आणि पाच वर्षांवर प्रत्येक वर्षाला 2,500 रुपयांची भर आहे. तिथे परतफेडीचे हप्ते कसे बसवतात, हे अर्जदाराला सापडले नाही.

अर्जदाराचा पुतण्या अग्निवीर आहे. चार वर्षांनी शंभरांतले जास्तीत जास्त पंचवीस जण कायम होणार. बाकीच्यांच्या हातात सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. पुढे तो एखाद्या कार्यालयात लागला, तर साहेबांना त्याच्याकडून परत मागायला काहीच नसेल. साहेबांची ही अडचण अर्जदार समजू शकतो.

तरी या अर्जाचा विचार व्हावा.

आपला,
अर्जदार

ता. क. : तीन महिन्यांत उत्तर न आल्यास साहेबांनी विनंती मान्य केली, असे समजण्यात येईल.