पॉइंट सहा माणूस

(रंगमंचावर एक खुर्ची. कलाकार पाठीला लॅपटॉपची सॅक लावून येतो. सॅक शेवटपर्यंत काढत नाही.)

मी नोकरी करतो हिंजवडीत आणि राहतो वाकडच्या पुलाखाली. सिग्नल सुटला की अधूनमधून घरीही जातो.

आमचा मॅनेजर. काहीही अडू दे, याचं एकच वाक्य. (छाती पुढे, आवाज तुपात घोळवून) “अरे, मी आहे ना!” सर, माणसं कमी आहेत. “मी आहे ना!” सर, डेडलाइन उद्याची आहे. “मी आहे ना!” सर, प्रॉडक्शन पडलंय, क्लायंट कॉलवर येतोय. (शांतता. खुर्चीखाली वाकून बघतो.) सर?

क्लायंटनं आवाज चढवला की याचं नेटवर्क जातं. क्लायंट ‘ग्रेट जॉब’ म्हणाला की फुल रेंज!

गौरीजेवणाची सुट्टी मागितली. “घे की! मी आहे ना!” भर पंगतीत फोन. मी सोवळ्यात, हातात कटाच्या आमटीचं पातेलं, मान वाकडी, कानाखाली फोन. तिकडून क्लायंट, इकडून आत्या. मी आत्याला म्हणालो, “विदिन टू अवर्स, मॅम!” आणि क्लायंटला म्हणालो, “अजून वाढू?”

क्लायंट ‘येस’ म्हणाला. स्कोप वाढला!

मग आलं अप्रेझल. जॅक वेल्च नावाचा एक अमेरिकन साहेब, १९८१ ते २००१ जनरल इलेक्ट्रिकचा सर्वेसर्वा. त्याचा हिशोब : वरचे २० टक्के हिरे, मधले ७० चालतंय, खालचे १० घरी. मायक्रोसॉफ्टनं असली रँकिंग २०१३ मध्ये बंद केली. ती बातमी आमच्याकडे निघालीये, वाकडला अडकलीये.

तर आमच्या टीममध्ये माणसं सहा. सहाचे दहा टक्के किती? पॉइंट सहा. मॅनेजर म्हणाला, “वरून प्रेशर आहे रे. पॉइंट सहा माणूस द्यावाच लागेल.” आणि माझ्याकडे बघितलं. कमरेपर्यंत. वरचा भाग चालतंयमध्ये, खालचा घरी!

मी म्हटलं, सर, तुम्ही माझ्यासाठी भांडला नाहीत? “भांडलो ना! पॉइंट आठ मागत होते!”

(थांबतो.)

माझे वडील भोसरीत लेथवर होते. त्यांचा फोरमन आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. पण माल रिजेक्ट झाला की इन्स्पेक्शनवाल्याच्या आडवा उभा राहायचा. “माझ्या माणसाला काय बोलायचं ते मी बोलेन. तू मला बोल.” तो वारला तेव्हा बाबा पाचव्या मजल्यावरून चप्पल न घालता खाली धावले होते.

आमचा मॅनेजर शिवी देत नाही हां! एचआरनं ट्रेनिंग दिलंय. तो ‘फीडबॅक’ देतो. फोरमनच्या शिवीनंतर चहा यायचा, याच्या फीडबॅकनंतर एक्सेल शीट येते.

शेवटी राजीनामा दिला. नोटीस पिरियड ९० दिवस. साहेब हादरले! “अरे, थांब! मी वर बोलतो तुझ्यासाठी. मी आहे ना!” आणि पहिल्यांदाच, मंडळी, माणूस खरंच वर गेला. लिफ्टनं. तासभर बोलला. मला वाटलं, चुकलंच आपलं, देवमाणूस निघाला.

घाम पुसत खाली आला. “झालं काम! बोललो!”

काय झालं सर?

“तुझ्या जागी दोन माणसं मंजूर!”

(सॅक सावरत निघून जातो.)