दोन वायरी जोडायला सांगणाऱ्या दादांना खुलं पत्र

मु. गुंजवणे, ता. राजगड (पूर्वीचा वेल्हे), जि. पुणे

दादा,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे सल्लागार धरणांच्या काठाकाठाने बसलेत आणि हे पत्र त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल.

राजगडाच्या अलीकडे आमचं गुंजवणे. गडाच्या पलीकडे, भुतोंड्याच्या अंगाला भाटघर धरणाचं पाणी. तिथे माझा मामेभाऊ राहतो. त्याची फायबरची बोट आहे आणि तिला कोकणातून आणलेलं, चाळीस हॉर्सपॉवरचं, वापरलेलं इंजिन. एका सकाळी त्याने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. स्टार्टर कण्हलासुद्धा नाही. जवळपास बोटीचा मेकॅनिक नाही, इंजिनाचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून त्याने तुम्हाला फोन लावला. तुमचं मोटारसायकलचं गॅरेज आहे, तुमच्या हाताला गुण आहे असं चार लोक सांगतात. तुम्ही दोन मिनिटांत निकाल दिलात: 'कंट्रोल बॉक्स खोल, न्यूट्रलच्या स्विचला दोन वायरी गेल्यात, त्या काप आणि एकमेकींना जोड. टेप मार. काही होत नाही.'

इंजिन चालू झालं. तुम्ही शाबासकी घेतलीत. त्या क्षणापासून ती बोट कुठल्याही गियरमध्ये किल्लीसरशी सुरू होणारी बोट झाली, हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. तुम्हाला ते माहीत नव्हतं, की सांगावंसं वाटलं नाही? माहीत नसेल तर तोंड उघडायला नको होतं. माहीत असेल तर तुम्ही जे केलंत त्याला सल्ला म्हणत नाहीत.

पुढचं ऐका, कारण तुम्ही कधी विचारलंही नाहीत. मामेभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोटीच्या मागच्या बाजूला अडकलेलं जाळं सोडवत होता. बोट मागे घेऊन थांबवलेली, म्हणून लिव्हर रिव्हर्सलाच राहिलेला. वर बसलेल्या शेजाऱ्याने, मदत म्हणून, किल्ली मारली. स्विच जागेवर असता तर तो लिव्हर न्यूट्रलला आणेपर्यंत इंजिन ढिम्म राहिलं असतं. ते सुरू झालं आणि बोट मागे आली. पंखा त्याच्या पोटरीला लागला. शेजारी घाबरला, लिव्हर कुठे ढकलायचा ते त्याला सुचेना. लाल दोरीची क्लिप ओढली की इंजिन जागच्या जागी बंद पडतं, पण ती क्लिपही तुमच्याच सांगण्यावरून तारेने कायमची बांधून टाकलेली. 'सारखी निघते, कटकट नको.' मामेभाऊ वाचला. आजही लंगडतो.

पंखा लागला म्हणजे काय, याचा हिशोब तुम्हाला जमेल. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर खालच्या गियरमधून पंख्याचे साधारण निम्मे होतात, म्हणजे 1500. सेकंदाला 25. पाती तीन. एका सेकंदात 75 वेळा पातं एकाच जागेवरून जातं. पाय ओढून घ्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात काय उरतं ते तुम्हीच मोजा.

तुमचा मूळ दोष मला नीट मांडायचाय, कारण तो अडाणीपणाचा नाही. तुम्हाला इंजिन कळतं. बोट कळत नाही, आणि दोन्ही एकच आहेत असं तुम्ही धरून चालता. मोटारसायकलची मूठ सोडली की स्प्रिंग तिला मागे आणते, इंजिन शांत होतं. बोटीचा लिव्हर जिथे ठेवाल तिथेच राहतो. माणूस पाण्यात पडला तरी बोट त्याच वेगाने चालत राहते. आणि सुकाणूवर हात नसला की पंख्याच्या ओढीने ती एका बाजूला वळते, गोल फिरते आणि पडलेल्या माणसाकडेच परत येते. म्हणून ती लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवायची असते. शिवाय बोटीला ब्रेक नाही. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलत कडेला नेता येते, भर पाण्यात इंजिन बंद पडलं की वारा बोट आडवी करतो आणि लाट बाजूने आत येते.

केबलचंही तेच. कंट्रोल बॉक्समधून दोन केबल मागे जातात, एक गियरची, एक थ्रॉटलची. लिव्हर थोडा पुढे गेला की गियर पडतो, आणखी पुढे गेला की रेस वाढते. भोरच्या एका माणसाला तुम्ही मोटारसायकलची केबल कापून लावायला सांगितलीत. अहो, ती केबल फक्त ओढते. बोटीची ओढतेही आणि ढकलतेही. ढकलताना पातळ तार वाकते, लिव्हर न्यूट्रलला दिसतो आणि इंजिन गियरमध्येच राहतं. बोटीची केबल जड झाली, तिच्या टोकाला गंज दिसला, तर ती बदलायची. तिच्यात तेल ओतायचं नाही, तापवायची नाही, मधोमध तोडून सांधायची तर मुळीच नाही.

कंट्रोलने दगा दिला की काय होतं हे साऱ्या महाराष्ट्राने 18 डिसेंबर 2024 ला पाहिलं. मुंबई बंदरात नौदलाच्या एका वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. इंजिनात बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटल्याचं नौदलानेच जाहीर केलं. ती गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जीव गेले. तिथे तर प्रशिक्षित माणसं होती, इंजिन बनवणाऱ्या कंपनीची माणसंही बोटीवर होती. आणि तुम्ही फोनवर सांगता, 'लाव आणि एक चक्कर मारून बघ.' बोटीत माणसं भरलेली असताना? चाचणी घ्यायची तर बोट काठाला दोन दोरांनी बांधून, आजूबाजूला पाण्यात कोणी नाही हे पाहून आणि लाल दोरी मनगटाला अडकवून घ्यायची, एवढं वाक्य तुमच्या तोंडून एकदा तरी यायला हवं होतं.

स्वतः दुरुस्ती करण्याच्या मी विरोधात नाही, हेही स्पष्ट लिहितो. आमच्याकडे दुसरा इलाज नाही. मेकॅनिक पुण्याहून किंवा थेट किनाऱ्यावरून यायचा, तोवर कामाचे दिवस बुडतात. धरणाकाठच्या माणसाने स्वतःचं इंजिन स्वतः उघडावं, त्यात त्याचा मान आहे. पण त्याला सांगायचं काय, याला महत्त्व आहे. आधी विचारायचं. इंजिन कुठलं, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? बंद पडायच्या आधी काय झालं? मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी येत होती का? चालून पाच-दहा मिनिटांनी बंद पडतं, की किल्लीलाच उठत नाही? तुम्ही यातला एकही प्रश्न विचारला नाहीत.

इंजिन चालून मग गुदमरतं, तेव्हा पुष्कळदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो. तो सैल करायचा. त्याला पैसा लागत नाही. मग नळीवरचा रबरी पंप दाबून बघायचा, तो घट्ट होत नसेल तर हवा कुठून तरी शिरतेय. पेट्रोल जुनं असेल तर काढून टाकायचं; आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या टाकीत पाण्याचा थर तळाला बसतो. प्लग काढून पुसता येतात. गियर ऑईल थोडं सोडून बघता येतं. ते दुधासारखं पांढरट आलं तर सील गेलंय, पाणी शिरलंय, आता थांबायचं.

आणि पिचकारी. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरतं, कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा बोटी गाळातून चालतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या आणि ती पिचकारी सोडणाऱ्या पंपात रबरी पंख आहेत, त्यांना गाळ घासून खातो. पिचकारी बारीक झाली की इंजिन बंद करायचं आणि ते रबर बदलायचं. कोणी तरी, बहुधा तुम्हीच, एकाला सांगितलं होतं की थर्मोस्टॅट काढून टाक, इंजिन आपोआप थंड राहील. पंप झिजलेला असताना त्याने काय थंड राहणार? छोट्या इंजिनांच्या पंख्याची पिन तुटली तर 'खिळा ठोक' हाही तुमच्याच ठेवणीतला सल्ला. पंखा दगडावर आपटला की आधी पिन तुटावी आणि गियर वाचावा, म्हणून ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. खिळा तुटत नाही. गियर तुटतो, आणि त्याचा खर्च ज्याची बोट आहे त्याच्या माथी.

तुमचे सगळे सल्ले मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बहुतेकांत एक राखणदार काढून टाकलाय: स्विच, दोरी, मऊ पिन, थर्मोस्टॅट. बिघाड शोधायला वेळ लागतो. राखणदार काढला की इंजिन लगेच सुरू होतं आणि सांगणाऱ्याचं नाव होतं. मामेभावाच्या स्विचचं काम मल्टिमीटर लावून दहा मिनिटांचं होतं. आधी बॅटरीची टोकं आणि फ्यूज बघायचा. मग लिव्हर न्यूट्रलमध्येच जरा पुढेमागे हलवत किल्ली मारायची. तेवढ्याने स्टार्टर फिरला तर दोष स्विचमध्ये. त्याच्या स्विचला गंज धरला होता, कारण इंजिन खाऱ्या पाण्यातून आलेलं. नवा स्विच त्याच्या एका दिवसाच्या मासळीत आला असता.

यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी व्हावी असं 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा सांगतो. तो 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. तपासणारा माणूस आमच्या काठावर कधी पोचेल तेव्हा पोचो. तोवर हे काम तालुक्याच्या आयटीआयने हाती घ्यावं, चार दिवसांचा वर्ग मराठीत घ्यावा, एक जुनं इंजिन टेबलावर ठेवून. तुम्ही त्या वर्गाला पहिले येऊन बसा. तुमच्या हाताला खरंच गुण आहे, म्हणूनच मला इतका राग येतो.

आज मात्र दुसरं काम करा. भाटघर, पानशेत, वरसगाव, जिथे जिथे तुम्ही फोनवर 'वायरी जोड' म्हणालात, त्या प्रत्येकाला फोन लावा. जोडलेल्या वायरी सोडवून टोकांना वेगवेगळी टेप लावायला सांगा. लाल दोरीच्या क्लिपला बांधलेली तार कापायला सांगा. नवा स्विच बसेपर्यंत बोट काठाला बांधून ठेव म्हणा, आणि तो स्विच कुठे मिळतो तेही शोधून द्या. मामेभावाला शेवटी फोन करा. त्याच्याशी बोलायला तुम्हाला वेळ लागेल.

तुमचा,
गडाखालचा एक शेतकरी